वत्सलाआत्याचं तोंड आणि कुंभवलीची पावडर

वत्सलाआत्या हळदीच्या मांडवात गायला उभी राहिली की तिचा आवाज वैतरणेपर्यंत जायचा. तिथं पुलावर गाडी हळू व्हायची. मोटरमनला वाटायचं, पुढं कुणीतरी भोंगा वाजवतंय. आता तारापूरच्या किनाऱ्यावरचं गाव कुठं आणि वैतरणा कुठं, असं विचारणारे शहाणे असतातच. त्यांनी खुशाल नकाशा बघावा. आवाज काही नकाशा बघून जात नाही.

अशी ही बाई. नवरा बळवंत बोटीवर जायचा, ती किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकवायची आणि बोईसरच्या बाजारात नेऊन विकायची. ऊन, खारा वारा आणि मिठाचं पाणी यांत तिची साठी जवळ आली होती, पण तोंड उघडलं की समोरचा गप्प!

त्या सकाळी मात्र हीच बाई आरशासमोर मुकाट उभी होती.

झालं असं, की आदल्या दिवशी मेघाली आली होती. मेघाली म्हणजे आत्याच्या भावाची, पुंडलिकची लेक. घर चार पावलांवर. पोरगी लहानाची मोठी आत्याच्याच कडेवर झालेली. आता महिन्यावर तिचं लग्न आलं होतं.

“आत्या, एक सांगू? रागावणार नाय ना?”

“आदी सांग, मंग बगते रागवायचं का काय ते.”

“हळदीला तू गाशील ना, तवा जरा मागं बसून गा. माईक देते तुला हातात. मागच्या लग्नात त्या कॅमेरावाल्या प्रीतमने व्हिडिओत तुझं तोंड मोठ्ठं घेतलेलं. तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. माझ्या सासरी पण पोचला.”

“मंग? गाणं बरं नाय झालं?”

“गाणं बरं झालं. तोंडावरून बोलले.”

“काय बोलले?”

मेघाली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “सुका बोंबील गातोय म्हनाले.”

आत्या आधी खो खो हसली. हसायची सवयच होती तिला. पण मेघाली गेल्यावर ते हसू तोंडावरून जे उतरलं, ते परत चढेना. आणि म्हणून ती सकाळी सकाळी आरशासमोर.

“अवो,” तिनं बळवंतला विचारलं, “मी म्हातारी दिसते काय?”

बळवंत ओट्यावर जाळं सांधत बसला होता. त्यानं मान वर केली. “कुनाशेजारी?”

“कुनाशेजारी कशाला? नुस्ती.”

“नुस्ती कवा बगितली नाय बा तुला. नेमी काय तरी ओरडतच अस्तेस.” आणि तो परत जाळ्यात शिरला.

घरात उत्तर मिळेना, तेव्हा आत्या गावात विचारायला गेली. आणि गावात सल्ल्याला काय तोटा! एकीनं सांगितलं बेसन लाव. दुसरी म्हणाली, बेसन नको, दुधाची साय. तिसरी म्हणाली, सायीनं तोंडावर केस उगवतात, लिंबू चोळ. चौथी म्हणाली, लिंबू चोळून उन्हात गेलीस तर डाग पडतील, मग रडत बसशील. आत्याला काही सुधरेना. कुणाचा शब्द मोडायचा? तिनं सगळंच एकावर एक लावलं आणि अंगणात बसली. थोड्या वेळानं दोन मांजरं समोर येऊन बसली, एक कोंबडी मांडीवर चढली आणि शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, “आज भजी काय गो तुझ्याकडं?”

शेवटी मेघालीच तिला बोईसरला घेऊन गेली. किंजलचं पार्लर होतं स्टेशनजवळ. किंजल गुजराती घरातली, पण जन्म बोईसरचा, मराठी आपल्यासारखीच तोंडात बसलेली. नवरीचा मेकअप तीच करणार होती.

“बसा काकी,” किंजल म्हणाली आणि तिनं एक चिमुकली डबी उघडली. “हा मिनरल मेकअप. खनिजांचा. झिंक, अभ्रक, लोखंडाचा रंग, असं सगळं पिठासारखं बारीक केलेलं.”

“मिनरल तर पानी असते ना बाटलीतलं?”

“ते पाणी. ही पावडर.”

“म्हंजे दगडाची.”

“म्हटलं तर दगडाचीच.”

“बग मेघे!” आत्या म्हणाली. “जलमभर पाय दगडानं घासले, आता तोंड पन!”

किंजल हसली, पण हात थांबवला नाही. “पण काकी, पहिलं क्रीम. वय झालं की कातडीतलं तेल कमी होतं. कोरड्या तोंडावर पावडर टाकली की ती सुरकुतीत जाऊन बसते आणि सुरकुती उलट जास्त दिसते. म्हणून आधी ओलावा द्यायचा, तो मुरू द्यायचा, मग चिमूटभर पावडर ब्रशनं फिरवायची. आणि तुम्ही उन्हातली माणसं. बाहेर जाताना ऊन अडवणारं क्रीम लावायचं. कुठलीही नवी वस्तू आधी कानामागं लावून एक दिवस बघायची, मग तोंडाला.”

ओलावा! हा शब्द ऐकला आणि आत्याच्या कपाळाला आठी पडली. तुम्ही-आम्ही ओलावा ऐकलं की बरं वाटून घेतो, पण मासळी सुकवणाऱ्या बाईला विचारा. ओल म्हणजे तिची वैरीण. जरा ओल राहिली की मालाला वास येतो, आळी पडते, सगळी मेहनत फुकट. जी वस्तू टिकवायची ती खडखडीत कोरडी करायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिच्या हाडातच होतं. आणि ही कालची पोरगी सांगते, तोंडाला ओल दे! आत्या मनात म्हणाली, ही चुकते बाबा.

किंजलनं तोंड पुरं केलं. पार्लरच्या आरशात चारी बाजूंनी दिवे. त्यात आत्याला तिच्या धाकट्या बहिणीसारखी एक गोरीपान बाई दिसली. मग मेघालीनं मोबाईलमध्ये कसलंसं बटण दाबून तिचा फोटो काढला. फोटोत एक वीस वर्षांची पोर, डोळे एवढाले, नाक सुईसारखं.

“ही कोन?”

“तूच, आत्या!”

“माजं नाक कुटं गेलं?”

रिक्षात बसून घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात नुसता गोंधळ. घरच्या आरशात एक, पार्लरच्या आरशात दुसरी, मोबाईलमध्ये तिसरीच. यातली कोणती घेऊन मांडवात जायचं? आणि ज्यांना गाणं ऐकायचं आहे, त्यांना यातली कोणती पाहिजे आहे? आजवर तिला तोंड म्हणजे गायला, जेवायला आणि भांडायला असतं एवढंच ठाऊक होतं. ते बघायला पण असतं, हे या वयात कळलं आणि ती पार चक्रावली.

त्यात भर घालायला शकू. शकू तिची धाकटी जाऊ, कुंभवलीला एका कारखान्यात पॅकिंगला जायची. पावडरच्या गोणी भरायचं काम. संध्याकाळी आत्यानं तिला सगळं सांगितलं, तशी शकू ताडकन उठली.

“झिंक म्हनाली? बाय, आमच्या गोनीवर हेच नाव लिवलंय! सायब लोक दिवसभर झिंक झिंकच करतात!”

“तीच पावडर?”

“नाव तेच, रंग तोच, मऊ पन तश्शीच. ती किंजल एवढीशी डबी दाखवते, आन आमी रोज डोंगर भरतो त्याचा!”

दुसऱ्या दिवशी शकूच्या जेवणाच्या डब्यात भाजीच्या जागी पावडर आली. “चोरली नाय हां,” तिनं आधीच सांगून टाकलं. “जमिनीवर सांडलेली, झाडून भरली. कचऱ्यातच जानार होती.”

बायांनो, इथं आपण सगळ्यांनी पुढं होऊन आत्याचा हात धरायला हवा होता. पण गोष्टीतल्या माणसाचा हात धरता येत नाही. आपल्या घरातल्या माणसाचा धरता येतो, एवढं लक्षात असू द्या.

हळदीचा दिवस उजाडला. आत्यानं तो डबा आजच्यासाठी जपून ठेवला होता. कानामागं लावून बघायचं राहिलं. क्रीम तर तिनं जमेतच धरलं नव्हतं. तिनं आपल्या पद्धतीनं काम काढलं. आधी मिठाच्या पाण्यानं तोंड धुतलं, जसा माल धुवायचा तसा. मग फडक्यानं खसाखसा पुसून कोरडं केलं. त्यावर पावडर लावली, चिमूटभर नव्हे, मूठभर. आणि ती पक्की बसावी म्हणून वलांडीशेजारी उन्हात जाऊन बसली. एक गाल उन्हात धरला, तो झाल्यावर दुसरा. सूर्यसुद्धा जरा वेळ वर थांबून बघत होता म्हणतात, की खाली हे काय चाललंय.

बळवंत किनाऱ्यावरून वर आला आणि दचकून उभाच राहिला. “अगो, काय झालं तुला? बोंबलासारखी दुसऱ्या अंगावर उलटी करून ठेवू काय?”

“गप बसा. आज व्हिडिओ हाय.”

पण जरा वेळानं गालाला मुंग्या आल्या. मग खाज सुटली. खाजवलं तशी आग! तिनं पदरानं पुसलं तर पावडर डोळ्यात गेली. धावत घरात येऊन आरशात बघितलं, तर सुरकुती न् सुरकुती पांढरी भरलेली, मधली कातडी लालभडक आणि डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या. रंग उडालेल्या भिंतीला कुणी अर्धवट चुना लावून सोडावं, तसं तोंड!

वत्सलाआत्यानं दाराला आतून कडी घातली.

तिकडं पुंडलिकच्या मांडवात संध्याकाळ झाली. वाजंत्री आले, सासरची माणसं आली, प्रीतम कॅमेरा लावून तयार. म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, वत्सला आल्याबिगर गानं कोन उचलनार? शकू बोलवायला गेली ती परत आली नाही. पुंडलिक गेला, त्याला दारातूनच उत्तर मिळालं, “माज्या पोटात दुकतंय. तुमी लावा हळद.” शेवटी मेघाली स्वतःच उठली, पिवळ्या साडीत, अंगाला अजून हळद लागायची होती. तिचा मेकअप करायला आलेली किंजल पण मागोमाग गेली.

मेघालीचा आवाज ऐकून कडी निघाली. आत कोपऱ्यात आत्या पदरात तोंड घालून बसलेली, शेजारी शकू रडवेली.

“आत्या! हे काय केलंस?”

किंजलनं एक प्रश्न विचारला नाही. बादलीभर गार, गोड पाणी मागवलं. डोळे धुतले, तोंड धुतलं, परत परत धुतलं, चोळलं मात्र नाही. शकूनं डबा पुढं केला. किंजलनं झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला.

“शकूमावशी, ही पावडर भरताना कारखान्यात तोंडाला काय बांधता?”

“मास्क देतात की.”

“कशाला देतात?”

“नाकातोंडात जाऊ नये म्हनून...”

“नाकात गेलेली चालत नाही, आणि गालाला थापलेली चालते?”

“पन नाव तर एकच हाय ना गो! तूच म्हनाली झिंक!”

“विहिरीतलं पण पाणी आणि खाडीतलं पण पाणी. खाडीचं पिता काय तुम्ही? ही रंगात, रबरात घालायची पावडर. अंगाला लावायची ती वेगळी शुद्ध करतात, तपासतात. आणि ही तर जमिनीवर झाडलेली! हिच्यात दुसऱ्या कुठल्या गोणीतलं काय सांडलंय, कुणाला ठाऊक?”

शकूनं डबा मागं सारला, जणू त्यात विंचू होता.

पण आत्याचं समाधान होईना. सुजल्या डोळ्यांनी ती किंजलकडं बघत म्हणाली, “पावडर चुकली, कबूल. पन तू ओल दे, ओल दे म्हंतेस. मी जलमभर ओल काडत आले. वस्तू टिकवायची तर सुकवायला पायजे. मंग तोंड का नाय?”

“अहो काकी, बोंबील मेलेला असतो!”

शकूनं डब्याचं झाकण घट्ट लावलं.

“मेलेल्याला टिकवायचं म्हणून कोरडं करतात,” किंजल खाली बसत म्हणाली. “तुमची कातडी जिवंत आहे! तिला तहान लागते. तुम्ही तिला मीठ दिलं, ऊन दिलं, वर ही पावडर, आणि पाण्याचा थेंब दिला नाही. ती ओरडणार नाही तर काय करणार?”

आत्या गालाला हळूच बोट लावून बसली. हाताखालून एवढी मासळी गेली, जिवंत कुठली आणि मेलेली कुठली हे तिला डोळे मिटून कळायचं. आणि स्वतःचंच तोंड तिनं मेलेल्यात धरलं होतं!

“मंग तुजं क्रीम लावलं की सुरकुत्या जातील?”

“नाही जाणार.” किंजल सरळ म्हणाली. “जातील म्हटलं तर माझा माल जास्त खपेल, पण मी नाही म्हणणार. कातडी मऊ राहील, आग होणार नाही, उन्हाचे डाग कमी पडतील. बाकी वय आहे, ते दिसणार.”

“आन आज? आज काय लावू?”

“आज काहीच नाही. पावडर नाही, क्रीम नाही, हळद पण नाही. उद्या कातडीच्या डॉक्टरकडं जायचं.”

“मंग मी नाय येत.” आत्यानं परत पदर ओढला. “असल्या तोंडानं? मेघे, तूच म्हनालीस मागं बस. मी घरीच बसते. तुजं लगीन हाय, तुज्या सासरची मानसं हायत.”

मेघाली तिच्यासमोर मांडी घालून बसली, पिवळ्या साडीची पर्वा न करता. “माजी चूक झाली आत्या. हसनाऱ्यांना मी काय बोलले नाय, आन तुलाच मागं बस म्हनाले. उलटंच केलं मी. लहान अस्ताना मला ताप यायचा, डोळं उगडलं की हेच तोंड समोर असायचं. तवा मी कवा बोलले काय, आत्या, जरा बाजूला हो?”

“तवा तू बारकी होतीस.”

“आता मोठी झाले म्हनून येडी झाले. तू पुडं उभी राहिल्याबिगर मी हळद लावून घेनार नाय. वाजंत्री गेले तर जाऊ देत.”

आत्यानं पदर जरा बाजूला करून पोरीकडं बघितलं. रडून तिचं काजळ ओघळलं होतं. आणि कपाळावर, दोन भुवयांच्या मधे, काळजीची एक बारीक घडी पडली होती. एवढी तरुण पोर, आणि घडी! आत्या त्या घडीकडं बघतच राहिली. उद्या ही घडी पक्की होईल. मग तिला सोबत दुसरी येईल. आणि कधीतरी हिला पण कुणीतरी सांगेल, जरा मागं बस. आज मी लपले, तर त्या दिवशी ही पण लपेल. लपायचं हिला मीच शिकवलेलं असेल!

महिनाभर डोक्यात जो गोंधळ होता, तो एकदम खाली बसला. कोणता आरसा खरा, ते अजून तिला ठाऊक नव्हतं. पण कुठं उभं राहायचं, ते कळलं.

“उट,” ती म्हणाली. “काजळ पूस. नवरी हायस का भूत?”

मांडवात आत्या आली तशी कुजबुज झाली. सासरकडच्या दोन बायांनी एकमेकींना कोपर मारलं. प्रीतम भला पोरगा, त्यानं शरमून कॅमेरा वाजंत्र्यांकडं वळवला.

“अरे ए प्रीतम!” आत्या कडाडली. “तिकडं ढोल काय नटून आलाय काय? हिकडं धर! लोक पैशे देऊन लाली लावतात, माजी फुकटची हाय, नीट घे!”

मांडव हसला. पण या वेळचं हसणं वेगळं होतं, ते तिच्यावर नव्हतं, तिच्याबरोबर होतं. मेघाली पाटावर बसली, पहिली हळद लागली आणि आत्यानं गाणं उचललं. ज्या बायांनी कोपरं मारली होती, त्याच दुसऱ्या कडव्याला टाळ्या धरायला लागल्या. व्याह्यांच्या पोटापासून नवऱ्यामुलाच्या मिशीपर्यंत तिनं कुणाला सोडलं नाही. नवऱ्यामुलाची आई तर हसता हसता खुर्चीवरून घसरली आणि खालीच बसून ऐकत राहिली. सुजलेलं तोंड मग कुणी बघितलं, कुणाला ठाऊक!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं, चार गोष्टी सुनावल्या, आणि काही दिवसांत तोंड पूर्ववत झालं. पूर्ववत म्हणजे सुरकुत्यांसकट. आता आत्या रोज अंघोळीनंतर क्रीम लावते, उन्हात जाताना डोक्यावर मोठी टोपी घालते आणि शेजारणींना दटावते, “तोंडाला पानी दाखव गो, जित्तं हाय ते!” शकू कारखान्यात मास्क बांधते, आणि बरोबरच्या बायांनी नाही बांधला तर स्वतः जाऊन बांधते. मेघालीच्या लग्नानंतरच्या पूजेला आत्यानं किंजलची डबी पण वापरली. आधी कानामागं, मग क्रीम, मग चिमूटभर. छान दिसली, नाही म्हणायचं नाही. पण त्या दिवशी ती छान दिसायला म्हणून नटली होती, लपायला म्हणून नव्हे.

तर बायांनो, आणि बाप्यांनो तुम्ही पण ऐका. नटायला बंदी नाही. पण जे तोंडाला लावता ते कुठून आलं, कशासाठी केलं, हे विचारल्याशिवाय लावू नका. नुसत्या नावाला भुलू नका. कातडी म्हातारी होते, तिला जास्त माया लागते, जास्त रंग नव्हे. हौसेनं नटा, लाजेनं नटू नका. आणि कुणा बाईला तिच्या वयावरून मागं बस म्हणावंसं वाटलंच, तर आधी स्वतः तिच्या पुढ्यात बसा आणि ती काय गाते ते शेवटपर्यंत ऐका.